माजी सैनिक, वीरनारी आणि आपली मंडळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नगर भागात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) ख्रिस्ती वस्ती आणि लष्कर शेजारीशेजारीच वाढले. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं. रणगाडेवाल्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर इथलंच आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं सेंटरही इथलंच. त्यामुळे रविवारच्या उपासनेला बाकावर एखादा तरी ‘मेजर’ बसलेला असतोच. हुद्दा नाईकाचा असो की हवालदाराचा, पेन्शन घेऊन गावी आला की आमच्याकडे तो मेजर! मी एका हवालदाराची मुलगी. मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) समितीत बरीच वर्षं माजी सैनिकांच्या सत्काराचं काम बघते आणि दरवर्षी तेच प्रश्न ऐकते, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

‘खून करू नको’ अशी आज्ञा असताना चर्चमध्ये सैनिकाचा सत्कार कसा काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा तरुण संघातलं कुणीतरी विचारतं आणि समितीतले ज्येष्ठ लगेच घसा खाकरतात. खाकरू नये. प्रश्न जुना आहे आणि रास्त आहे. तर्तुलियन या आद्य ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती माणसाच्या सैनिकी पेशाला सुरुवातीच्या शतकांतच विरोध केला होता. मेनोनाइट आणि क्वेकर मंडळ्या आजही शस्त्राला हात लावायच्या विरोधात आहेत. गेथशेमाने बागेत प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली, हेही आपण दर उत्तम शुक्रवारी ऐकतोच.

आता दुसरी बाजू. यार्देनेच्या काठी शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले आणि ‘आम्ही काय करावं’ म्हणून विचारू लागले (लूक ३). त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. कुणाला धाकदपटशा करून पैसे उकळू नका, मिळतो त्या पगारात भागवा, एवढंच म्हणाला. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे रोमन फौजेतला शंभर शिपायांवरचा अंमलदार, चाकरासाठी निरोप धाडतो, तेव्हा त्याचा विश्वास बघून येशूला आश्चर्य वाटतं. परराष्ट्रीयांतला ज्याचा बाप्तिस्मा प्रेषितांच्या कृत्यांत एवढा सविस्तर सांगितलाय, तो कर्नेल्यही शताधिपतीच, कैसरियाच्या पलटणीतला.

माझ्यापुरतं मी असं धरते : सत्काराच्या दिवशी लढाई बरोबर होती की चूक, हा निवाडा करायला मंडळी बसलेली नसते. आपल्या घरातलं एक माणूस पंधरा-वीस वर्षं बर्फात, वाळवंटात राहून परत आलंय. त्याला ‘आलास, बरं झालं’ म्हणायला ज्याला सैन्य मान्य नाही त्यानेही हरकत घेऊ नये. दावीद राजालाही मंदिर बांधायची परवानगी मिळाली नव्हती, हातून फार रक्त सांडलं होतं म्हणून (१ इतिहास २२). त्याच दाविदाची गीतं आपण आजही गातो. दोन्ही गोष्टी एकाच शास्त्रात आहेत. पाळकसाहेबांनी संदेशात दोन्ही सांगाव्यात.

सन्मान नेमका कोणाचा करायचा?

माजी सैनिक, वीरनारी म्हणजे कामी आलेल्या जवानाची पत्नी, त्याचे आईवडील, निवृत्त होऊन नंतर वारलेल्या सैनिकाची बायको, आणि सध्या नोकरीत असलेल्यांच्या घरची माणसं. यादीत नेमकी हीच शेवटची दोन नावं राहून जातात. लष्करी दवाखान्यांतल्या सिस्टर्सनाही विसरू नका. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली नर्सिंग शिकून फौजेत गेल्या, आणि ‘माजी सैनिक’ म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे मिशाच येतात.

बायकामुलांनी कुठे लढाई केली? त्यांना व्यासपीठावर कशाला?

हे आमच्या बैठकीत एकाने खरंच विचारलं होतं. उत्तर १ शमुवेल ३० मध्ये आहे. अमालेकी लोकांनी सिकलाग गाव जाळलं, बायकापोरं पळवून नेली. दावीद सहाशे माणसं घेऊन पाठलागावर निघाला. बसोर ओढ्यापाशी दोनशे जण इतके थकले की त्यांना ओढाच ओलांडवेना. ते सामानापाशी थांबले, चारशे पुढे गेले आणि सगळं सोडवून आणलं. परतल्यावर काहींनी कुरकुर सुरू केली, हे आले नाहीत तर यांना लुटीतला वाटा कशाला? दाविदाने निकाल दिला : लढाईला गेला त्याचा जेवढा वाटा, तेवढाच सामान राखणाऱ्याचा. आणि तो इस्राएलाचा कायमचा नियम करून टाकला.

सामान राखणं म्हणजे काय, हे आमच्या आईला विचारावं. सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, विहिरीवरच्या मोटारीची जळालेली वायंडिंग, माझी शाळा, धाकट्याचा गोवर, बांधावरून भावकीशी झालेली भांडणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. बापू कुठे आहेत हे आम्हाला माहीत नसायचं. पाकिटावर नाव, नंबर, युनिट आणि खाली ‘५६ एपीओ’, म्हणजे फौजी टपालाचा पत्ता. मला बरीच वर्षं वाटायचं की ५६ एपीओ नावाचं एक गाव आहे, तिथे सगळ्यांचे बाबा राहतात. आई पत्रात घरची एकही अडचण लिहायची नाही. ‘इकडे सर्व कुशल आहे’ या वाक्याखाली काय काय दडवलेलं असायचं!

बापूंना तीन वेळा शाल मिळाली. आईला एकदाही नाही. म्हणून आता आमच्या मंडळीत नवरा-बायकोला एकत्रच पुढे बोलावतात आणि नाव आधी तिचं घेतात.

‘वीरनारी’ म्हणावं की ‘विधवा’?

वीरनारी म्हणा, सरकारी कागदातही तोच शब्द आहे. पण शब्दावर थांबू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपल्यातले काही जण म्हणाले, आपल्यात हे नाहीच. खरंच नाही? ख्रिस्ती लग्नात नवरीला हळद लावायला नवरा नसलेल्या मावशीला किती घरांत पुढे करतात? साखरपुड्याच्या फोटोत ती कुठे उभी असते? प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये तक्रार हीच होती, रोजच्या वाटपात विधवांकडे दुर्लक्ष होतं म्हणून. त्यावर प्रेषितांनी नुसती प्रार्थना केली नाही, सात माणसं नेमली. तुमच्या समितीतही एक माणूस नेमा, निदान एक.

आणि पंचविशीतल्या वीरनारीने पुन्हा लग्न करायचं ठरवलं, तर मंडळीने कुजबुजू नये. रूथच्या गोष्टीवर आपण भगिनी मंडळात दरवर्षी बोलतो. ती गोष्ट पुनर्विवाहाचीच आहे.

कार्यक्रम कोणत्या दिवशी ठेवावा?

पर्याय बरेच आहेत. १४ जानेवारी हा सशस्त्र सेना माजी सैनिक दिन. पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा १९५३ साली या तारखेला निवृत्त झाले. हा दिवस २०१६ पासून पाळतात, पण शेजारी संक्रांत असते आणि निम्मे पाहुणे तिळगुळाच्या वाटेवर असतात. ७ डिसेंबरचा ध्वज दिन १९४९ पासून चालत आलाय. त्या आठवड्यात ध्वजनिधीचं अर्पण वेगळं घेता येतं, पण तो आगमन काळ, नाताळची गडबड. २६ जुलै कारगिलचा. तेव्हा आमच्याकडे पेरणी उरकलेली असते आणि लोक मोकळे असतात.

मला स्वतःला नोव्हेंबर आवडतो. २ तारखेला कॅथलिक भाविक कबरस्तानात मेणबत्त्या लावतात, वसईकडे तर सगळं गाव लोटतं. ११ नोव्हेंबरला, १९१८ साली, पहिलं महायुद्ध थांबलं. तोच तूरच्या संत मार्टिनचा सण. मार्टिन रोमन फौजेतला शिपाई. थंडीने काकडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने तलवारीने आपला झगा फाडून अर्धा दिला, अशी कथा आहे. पुढे त्याने फौज सोडली आणि तो बिशप झाला. फौजेतल्या पाद्रीला इंग्रजीत ‘चॅपलेन’ म्हणतात. तो शब्द मार्टिनच्या झग्यासाठीच्या लॅटिन शब्दावरूनच आलाय. ज्याने तलवार चालवली आणि खाली ठेवली, त्याच्याच झग्यावरून फौजी पाद्रीचं नाव पडावं, हे मला फार आवडतं.

जवळ असाल तर त्या दिवशी पुण्याला खडकीच्या युद्ध कबरस्तानात जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथे आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी आता राखता येत नाहीत अशा १,८०० हून अधिक जणांची नावं एका स्मारकावर कोरलेली आहेत. मुलांना न्या आणि दगडांवरची वयं वाचायला सांगा. आमच्या संडे स्कूलची पोरं पाचव्या मिनिटाला गप्प झाली होती.

चर्चमध्ये राष्ट्रध्वज आणावा का? सलामी द्यावी का?

ध्वज अंगणात, क्रूस आत. आम्ही अंगणात ध्वज फडकवतो, राष्ट्रगीत म्हणतो आणि मग उपासनेला आत जातो. काही मंडळ्या ध्वज आत आणतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मात्र प्रभुभोजनाच्या मेजासमोर भाषणबाजी आणि आमदारांचं स्वागत नको. पुढाऱ्यांना बोलवायचंच असेल तर उपासना संपल्यावर हॉलमध्ये.

शाल-श्रीफळ चालेल का?

नारळावरून दरवर्षी वाद होतो. एका काकांचं म्हणणं, नारळ फोडला तर मूर्तिपूजा, खोवला तर चटणी. आम्ही रोप देतो आणि जमलं तर गरम शाल, कारण डिसेंबरात ती खरोखर लागते. स्मृतिचिन्हं मात्र बंद केली. प्लास्टिकची ढाल कपाटावर धूळ खात पडते आणि पुसायचं काम परत घरच्या बाईचंच.

सैनिकाला काय विचारू नये?

‘किती मारले?’ हे. एवढं एक पाळलं तरी पुष्कळ. अनुभवकथन ठेवायचं असेल तर आठवडाभर आधी विचारा आणि ‘नाही’ म्हणाले तर पुन्हा विचारू नका. काही जण बोलत नाहीत, पण मेसमधल्या पुऱ्या, खेचरांची नावं, पहिल्यांदा बघितलेला बर्फ यावर तासभर रंगतात. तेच ऐका.

दाविदाची आणखी एक गोष्ट इथे लागू पडते (२ शमुवेल २३). बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी प्यावंसं वाटतं, असं तो सहज बोलून गेला. तिघे जण पलिष्ट्यांची फळी फोडून ते पाणी घेऊन आले. दाविदाच्याने ते प्यायलं गेलं नाही. हे या माणसांचं रक्त आहे म्हणाला आणि परमेश्वरापुढे ओतून टाकलं. दुसऱ्याने जिवावर उदार होऊन आणलेली गोष्ट आपल्या करमणुकीसाठी घटाघटा पिऊ नये. माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच.

रात्री दचकून उठतात, चिडतात, पितात. प्रार्थनेने बरं होईल ना?

प्रार्थना कराच आणि डॉक्टरकडेही न्या. स्वप्नात ओरडणाऱ्या माणसाच्या अंगात भूत आहे म्हणून त्याला मंडळीसमोर उभं करून धाक घालणं हा अत्याचार आहे. मी ते डोळ्यांनी बघितलंय आणि त्यानंतर तो माणूस चर्चला आला नाही. मानसोपचार हा उपचारच आहे. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवतात. टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल, तर ‘फौजी आहे, सांभाळून घे’ असा सल्ला बायकोला देऊ नका. आधी तिची आणि मुलांची सोय बघा.

पेन्शनच्या कामात मंडळी काय करणार? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

मंडळीजवळ एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाजवळ नाही : रजिस्टर. आपल्याकडे एकाच बाईची तीन नावं असतात. माहेरचं कांता, बाप्तिस्म्याचं करुणा आणि आधार कार्डावर कांताबाई. नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात यातलं एक लिहिलेलं असतं, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) दुसरं, बँकेत तिसरं. तो असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन अडकते आणि सत्तरीतली बाई ‘मीच ती’ हे सिद्ध करत फिरते.

चर्चमधलं लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे रजिस्टरात नोंदलेलं असतं. त्याचा उतारा, बाप्तिस्म्याचा दाखला आणि सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो. रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणे वेगळं : मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअरचं आमच्या नगरला. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहंही याच विभागाची आहेत, आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

तेव्हा पाळकसाहेबांना एक विनंती. रजिस्टरातला उतारा मागायला अशी बाई आली तर ‘पुढच्या रविवारी या’ म्हणू नका. जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली असतील तर उरलेल्या पानांचे आजच फोटो काढून ठेवा. तरुण संघाने दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी एक टेबल लावावं. म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, पेन्शनच्या स्पर्श पोर्टलचा पासवर्ड नातवाकडे असतो आणि नातू पुण्यात. तुमच्या तासाभराच्या कामाने त्यांचे दोन हेलपाटे वाचतात. आणि सैनिक जिवंत असतानाच नावं जुळवून घ्या, हे व्यासपीठावरून मोठ्याने सांगा.

आपल्या ख्रिस्ती वीरांची नावं सांगता येतील का?

अल्बर्ट एक्का, मूळ झारखंडच्या गुमला भागातले आदिवासी ख्रिस्ती, १४ गार्ड्‌सचे लान्स नाईक. ३ डिसेंबर १९७१ ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरच्या लढाईत पडले, मरणोत्तर परमवीर चक्र. कोहिमाचे कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे कारगिलच्या कड्यावर पाय घसरतो म्हणून बूट काढून अनवाणी चढले. त्यांना महावीर चक्र मिळालं. मुंबईचे इयान कार्डोझो यांनी १९७१ मध्ये सुरुंगाने चेंदामेंदा झालेला स्वतःचा पाय खुकरीने तोडला आणि पुढे कृत्रिम पायावर बटालियन सांभाळली. मूळ गोव्याचे जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ लष्करप्रमुख होते.

जरूर सांगा. फक्त ‘बघा, आम्हीही देशभक्त आहोत’ असा दाखला म्हणून ही नावं मिरवू नका. असा दाखला आपल्याकडे कुणी मागू नये, आणि मागितला तर मेलेल्या माणसाच्या नावावर तो काढू नये.

गावातल्या हिंदू, मुसलमान, बौद्ध माजी सैनिकांना बोलवायचं का?

अर्थात. ते एकाच बंकरमध्ये राहिलेत, एकाच ताटात जेवलेत. पलटणीत धर्मगुरू वेगवेगळे असले तरी बहुतेक ठिकाणी सर्वधर्मस्थळ एकाच छपराखाली असतं. फक्त आमंत्रण देतानाच उपासना कुठे संपते आणि सत्कार कुठे सुरू होतो ते सांगा, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

चार वर्षांनी परत आलेला अग्निवीर माजी सैनिक धरायचा का?

२०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मंडळीच्या यादीला तो नियम लागू नाही. शाल द्याच, पण त्याला नोकरी लागेपर्यंत कुणाच्या कारखान्यात, शाळेत ओळख असेल तर तिथे शब्द टाका.

एकच गोष्ट करणं शक्य असेल तर कोणती?

घरी जेवायला बोलवा. दाविदाचा जिवलग मित्र योनाथान गिलबोवाच्या लढाईत पडला. त्याचा मुलगा मफीबोशेथ तेव्हा पाच वर्षांचा होता. बातमी आली, दाई त्याला उचलून पळाली, पोर हातून पडलं आणि दोन्ही पायांनी अधू झालं (२ शमुवेल ४). लढाईचा घाव त्या मुलाला रणांगणावर झाला नाही. बातमी आली त्या घरात झाला. बऱ्याच वर्षांनी दाविदाने शोध घेतला, योनाथानाच्या घरचं कुणी उरलंय का म्हणून. मफीबोशेथाला लो-दबारहून आणवलं आणि तो राजाच्या पंक्तीला जेवू लागला, एक दिवस नाही, कायमचा.

बोलवण्याआधी घराला आणि चर्चला पायऱ्या किती आहेत ते मोजा. आमच्या चर्चला सात होत्या. व्हीलचेअरवरच्या सुभेदारांना चौघांनी उचलून आत आणायचं आणि त्यावर टाळ्या वाजायच्या. त्यांना ते मुळीच आवडत नव्हतं, हे त्यांनी तिसऱ्या वर्षी सांगितलं. आता उतार बांधलाय.

यादीतून एखादं नाव राहून गेलं तर?

राहतंच. एका वर्षी सत्कार झाले, फोटो झाले, पोहे वाटले आणि मग कळलं की तिसऱ्या बाकावरच्या आजींचे यजमान पासष्टच्या लढाईत होते. ते वारल्यावर नाव यादीतून उडालं होतं. यादी मीच केली होती. आजी काही बोलल्या नाहीत, पोहे खाऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळकीणबाई आणि मी शाल घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. मग पलंगाखालून काळी ट्रंक ओढली. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, अर्धा खरवडलेला. आत ज्वारी होती. ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी बिस्किटाचा एक डबा वर काढला, पदराने पुसला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. तीन मेडलं होती, रिबिनी विटलेल्या. ‘किडा लागत नाही ज्वारीत,’ म्हणाल्या. शालीची घडी त्यांनी मोडली नाही, ट्रंकेवर ठेवली आणि विचारलं, ‘साखर किती घालू?’